‘हो’ म्हणालो आणि दार लागलं

खटला मिटला असं समजून मी त्या दिवशी धर्माबाद कोर्टाबाहेर सगळ्यांना चहा पाजला. वकीलसाहेबांनाही. तो चहा आठवला की आजही जीव जळतो.

बासर रस्त्यावर मिरचीची पोती भरलेल्या माझ्या टेम्पोवर एक मोटारसायकल येऊन धडकली. ती उलट्या बाजूनं आली होती, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण त्या पोराचा पाय मोडला आणि गुन्हा माझ्यावर लागला. तारखांपायी भाडी बुडू लागली. वकीलसाहेब म्हणाले, "प्ली बार्गेनिंग करू. भरपाई द्या, दंड भरा, मोकळे व्हा. न्यायाधीश विचारतील, स्वखुशीनं करताय ना? ‘हो’ म्हणायचं."

न्यायाधीशांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणालो.

पुढं एका कारखान्यात टेम्पो लावायला गेलो. अर्जात रकाना होता : कधी शिक्षा झाली आहे का? मी बिनधास्त ‘नाही’ लिहिलं. पोलीस पडताळणीत ‘आहे’ निघालं; कोर्टातला तो ‘हो’ म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. काम तर गेलंच, वर खोटारडा ठरलो.

निकालाची नक्कल घेऊन बिलोलीला दुसऱ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि चष्मा काढला. "अपील कशाचं करता मामा? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 295. हा निकाल अंतिम. राहिलं हायकोर्टात रिट, नाहीतर थेट दिल्ली." इथं टेम्पोचे हप्ते फिटेनात, मी दिल्ली गाठणार!

पहिल्या वकीलसाहेबांना फोन लावला. "सांगितलं होतं की." नव्हतं सांगितलं.

कटकट टाळायला निरपराध माणूसही कबुली देईल, ही भीती सर्वोच्च न्यायालयानं 1980 साली गुजरातच्या एका खटल्यात बोलून दाखवली होती. तरी 2006 पासून प्ली बार्गेनिंगची सोय कायद्यात आहे. चूक खरंच झाली असेल तर सोय चांगली आहे. पहिल्याच गुन्ह्याला शिक्षाही कमी होते. चूक नसेल तर लढा.

आरोप निश्चित झाल्यावर अर्जाला 30 दिवस असतात, घाई करू नका. अर्जासोबतचं शपथपत्र वाचून घ्या. आपसात गुन्हा मिटवणं वेगळं : तिथं निर्दोष सुटल्यासारखं असतं, इथं दोषीच ठरता. माझं प्रकरण तसं मिटलं असतं का, हे कुणी पाहिलंच नाही. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. कुणावर आंधळा विश्वास टाकू नका.

आणि न्यायाधीश विचारतात तेव्हा ‘नाही’ही म्हणता येतं. मला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतोय.