तलफ आली तरी हात थांबतो

नेवासा फाट्यावर चहाचा पहिला घोट पोटात गेला की काहींचा हात पुडीकडे जातो. घरोघरच्या बायकांना पहाटे उठल्याबरोबर मिश्रीची डबी आठवते. "डॉक्टर, मिश्रीशिवाय पोटच साफ होत नाही," हे दवाखान्यात नेहमीचे वाक्य.

यात दोन गोष्टींची गुंतागुंत आहे. चहाच्या वासाने तलफ येते ती आपोआप, चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटते तशी. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांना खाण्याआधी ठराविक आवाज ऐकवला. पुढे नुसत्या आवाजानेही त्यांना लाळ सुटू लागली. तलफ येण्यात तुमचा दोष नाही. पुडी काढणे, चुना लावून मळणे, बार भरणे हे मात्र आपण करतो, आणि ते टिकते परिणामामुळे. ज्या कृतीनंतर लगेच बरे वाटते ती पुन्हा होते, हे अमेरिकेच्या स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवले. तंबाखूने बेचैनी काही मिनिटांत जाते (ती लावलेली असते तंबाखूनेच!). तोंडाचा कर्करोग येतो वर्षानुवर्षांनी. इतक्या लांबच्या भीतीला हात जुमानत नाही.

घरच्यांची बोलणीही वाया जातात ती यामुळेच. सून रागावली की सासूबाई मिश्री सोडत नाहीत, डबी लपवायला शिकतात. लपवले की बोलणी टळतात ना! त्यापेक्षा ज्या दिवशी मिश्री लावली नाही, त्याच दिवशी कौतुक करा. पुडीचे पैसे रोज डब्यात टाका आणि रात्री मोजा.

चहाची जागा आणि सोबत काही दिवस बदला. तलफ आली की बडीशेप चघळत दहा मिनिटे काढा, ती ओसरते. चहा झाला आणि तंबाखू मिळाली नाही, असे वारंवार घडले की तलफच दुबळी होते. पहिला आठवडा जड जातो. "फक्त बाजाराच्या दिवशी एक चिमूट" ही सवलत मात्र घेऊ नका. अधूनमधून मिळणाऱ्या सुखाने सवय जास्त चिवट होते.

पोटाचे म्हणाल तर निकोटीन आतड्यांना चाळवते हे खरे. सोडल्यावर काही दिवस त्रास होईल. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि शौचाची ठरलेली वेळ एवढ्याने बहुतेकांचे भागते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत जखम भरली नसेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल तर लगेच दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.