कान हिशेब ठेवतो

मागच्या आठवड्यात वीस-बावीस वर्षांचा एक तरुण दवाखान्यात आला. उजव्या कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, दोन दिवस झाले, ही तक्रार. शनिवारी तो पुण्याला आवडत्या बँडचा कार्यक्रम ऐकून आला होता. "पण डॉक्टर, आमचा बँड सव्वा तासच वाजला," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याआधी काय होते, असे मी विचारले. दोन नवे बँड, मिळून दीड तास! जागा जाऊ नये म्हणून हा पहिल्यापासून स्पीकरपुढे उभा. म्हणजे कानाला झाले पावणेतीन तास.

या संगीताला इंडी पॉप म्हणतात. कोचीच्या 'व्हेन चाय मेट टोस्ट'सारख्या बँडची गाणी गोड, मवाळ असतात. मलाही ती आवडतात. पण गाणे मवाळ असले तरी स्पीकर मवाळ नसतो, आणि आधीच्या बँडच्या वेळी मित्रांच्या कानाशी ओरडून मारलेल्या गप्पाही त्याच खात्यात जमा होतात.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपर्यंत राहावे, असा कामगारांसाठीचा एक प्रचलित निकष आहे. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 94 ला एक तास, आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटे! अशा कार्यक्रमांत 100 डेसिबल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जी मर्यादा सुचवली, तीच मुळी पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल आहे. शांत विश्रांतीची जागा ठेवावी, असेही तिने सुचवले आहे.

अंतर्कर्णात सूक्ष्म केशपेशी असतात. जास्त आवाजाने त्या थकतात, म्हणून कान सुन्न होतो, वाजतो. बहुधा एक-दोन दिवसांत हे ओसरते. मेलेली केशपेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाही.

उपाय स्वस्त आहे. 2015 साली ॲमस्टरडॅमच्या एका संगीत महोत्सवात 51 जणांवर प्रयोग झाला. साडेचार तास, सरासरी 100 डेसिबल. निम्म्यांना कानात घालायची बुचे दिली होती. बुचे नसलेल्यांच्या 42 टक्के कानांत ऐकणे तात्पुरते मंदावले, बुचे असलेल्यांच्या फक्त 8 टक्के. कापसाचे बोळे घालून हे साधत नाही, ते जवळजवळ निरुपयोगी. फोमचे बूच स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावे. "गाण्याची मजा जाते," अशी तक्रार असेल तर संगीतासाठीची फिल्टरवाली बुचे मिळतात; त्यांत शब्द बरेच स्पष्ट राहतात. बुचे पहिल्या बँडपासूनच घालावीत. स्पीकरपासून लांब उभे राहावे, दोन बँडच्या मधल्या वेळात बाहेर पडावे.

कान वाजू लागला तर गरम तेल घालू नका. परतीच्या गाडीतही गाणी नकोत. वाजणे दोन दिवसांत थांबले नाही तर कान तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र दोन दिवसही थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरचे औषध जितके लवकर सुरू होईल, तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक असते.