घोड्याचे पाय सुजले, तर आधी हात लावून बघा

आषाढी एकादशीला लग्नसराई थांबते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत वरातीचा घोडा जागेवर बांधलेला राहतो. सोनई-शिंगणापूर भागातले घोडेवाले ‘डॉक्टर, पाय भरलेत’ म्हणत येतात ते बहुतेक याच दिवसांत. येताना कुणी तरी सुचवलेलं इंजेक्शनही आणतात. ते आधी बाजूला ठेवा.

घोड्याला गुडघ्याखाली मांस नाहीच, नुसती हाडं आणि कंडरा. तिथलं पाणी वर चढतं ते टाप पडते, घोटा वाकतो तेव्हा. अगाडी-पिछाडी बांधून घोडा दिवसभर उभा ठेवला, की ते खाली साठतं. ही सूज बहुधा दोन्ही मागच्या पायांना येते, हाताला गार लागते, बोटाने दाबलं तर खळगा राहतो, पण घोडा लंगडत नाही. थोडं चालवलं की उतरते. हिला औषध नको. सकाळ-संध्याकाळ फिरवा, पिछाडी सोडा आणि काम नसेल त्या दिवशी हरभरा-भरडा कमी करून कडबा, गवत द्या.

एकच पाय सुजलेला, गरम आणि दुखरा असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर हवा. काटा, दोराचा काच किंवा काळ्या चिखलाने भेगाळलेली कातडी, एवढ्याशा वाटेनेही जंतू आत शिरतात. ताप मोजा, निरोगी घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. डॉक्टर येईपर्यंत पायावर वीसेक मिनिटं गार पाण्याची धार धरा, घोडा पळवू नका. जखम असेल तर धनुर्वाताच्या लसीचं विचारा. पट्टी बांधायचीच तर खाली कापसाचा जाड थर हवा. उघड्या कंडरेवर आवळलेली पट्टी पाय कायमचा अधू करते. डाग देणं, बिब्बा लावणं कृपा करून बंद करा. भाजलेल्या कातडीतून जंतूंना नवी वाट मिळते, आणि मुकं जनावर विनाकारण सोसतं. आणलेलं इंजेक्शन डायक्लोफेनॅकचं असेल, तर ते देऊच नका; गिधाडांचा जीव घेतं म्हणून ते जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे.

ताप येतो-जातो, घोडा वाळत चाललाय आणि पायांबरोबर पोटाखालीही सूज आहे, तर रक्त तपासून घ्या. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा असू शकतो. वेळेत ओळखला तर त्यावर औषध आहे.

मला खरी धास्ती ग्लँडर्सची. पायावर ओळीने गाठी उठतात, फुटून चिकट पू वाहतो, कधी नाकातूनही घट्ट शेंबूड येतो. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत हा रोग सापडला होता. तो माणसालाही होतो. असा घोडा वेगळा बांधा, उघड्या हाताने जखम धुऊ नका, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊ नका, विकू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर लगेच कळवा; रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीला जातो. रोग निघाला तर घोडा वाचवता येत नाही, पण मालकाला सरकारी भरपाई मिळते. म्हणून लपवू नका.