हिरडीचे रक्त आणि मिश्री

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या मुळशीत भातलावणीच्या दिवसांत कितीतरी घरांत चुलीवर चहाचे आधण चढण्याआधी मिश्रीची डबी उघडते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. ‘मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, रक्त थांबते,’ असा आयाबायांचा ठाम विश्वास! शिकलेल्यांनी त्याला हसण्यापेक्षा तो कशावर उभा आहे हे पाहावे.

दात व हिरडी यांच्या सांध्यावर रोज एक मऊ, चिकट थर बसतो. त्यात जंतूंची वस्ती असते. तो निघाला नाही की हिरडी लाल होते, सुजते आणि दात घासताना रक्त येते. दुखत मात्र नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पुढे लाळेतील क्षारांमुळे हा थर टणक होतो, तेच किटण. सूज खोलवर गेली की दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच आपण पायरिया म्हणतो. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. नुसती सुजलेली हिरडी मात्र पूर्ण बरी होते.

याचा पुरावा 1965 सालचा आहे. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करायला लावले. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासू लागताच साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या.

आता मिश्रीकडे वळू. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी दिसू शकते. राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधले की वाडा शांत राहतो, पण चोर यायचा थांबत नाही. शिवाय मिश्रीचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

उपाय साधा आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे हलक्या हाताने घासावे. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. मिठाच्या गुळण्यांनी बरे वाटते, पण किटण निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. ‘त्याने दात हलतात’ ही भीती आमच्याकडे फार. खरे तर हाड आधीच झिजलेले असते आणि मधले किटण निघाल्यावर फट जाणवते, एवढेच. मधुमेही व गरोदर स्त्रियांनी तर अधिक जपावे. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, पू आला किंवा दात हलू लागला तर दवाखाना गाठावा.

मिश्री सोडणाऱ्या बाईला घरच्यांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे. सुरुवातीचे काही दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल आणि हिरडीतून रक्त कदाचित पूर्वीपेक्षा जास्त दिसेल. ‘बघा, मिश्री सोडली आणि हे झाले,’ असे म्हणून ती पुन्हा डबीकडे वळण्याची वेळ हीच असते.