लस, लोकल आणि पोळी-भाजी केंद्र

डोंबिवली स्टेशनजवळ आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. गिऱ्हाईक संध्याकाळच्या फास्ट लोकलने उतरतं आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका बदलापूर-टिटवाळ्याहून लोकलनेच येतात. त्यामुळे सरकारच्या कोरोना-लसधोरणाचा हिशेब मला गल्ल्यावर बसूनच कळला.

१. परवानगी असून भागत नाही. एप्रिल 2021 मध्ये 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू झाले, तरी पार्सल चालू होतं. पण सामान्यांना लोकल बंद. पोळी लाटायला माणूस नाही आणि न्यायलाही नाही. रिक्षा-बस करून यायचं तर मजुरीचा मोठा भाग प्रवासातच जायचा. चार तव्यांपैकी एकच पेटायचा.

२. लसीला झालेला उशीर रोजंदारीतून कापला जातो. 15 ऑगस्ट 2021 पासून दुसरा डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. आता मागे मोजा. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा किमान 84 दिवस, वर हे 14. म्हणजे पहिल्या दिवशी गाडीत चढायचं, तर पहिली सुई 9 मेपर्यंत टोचलेली हवी. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण सुरू झालं 1 मेला, आणि मेच्या मध्यावर लसच नाही म्हणून राज्याने ते थांबवलं. त्या आठ-दहा दिवसांत स्लॉट मिळाला कुणाला? चांगला फोन, वेगवान नेट आणि ओटीपी टाकायला तयार बोटं असलेल्यांना. आमच्याकडच्या मावशी पंचेचाळिशीच्या पुढच्या, त्यांचे दोन्ही डोस झालेले; त्या ऑगस्टमध्ये आल्या. त्यांची सून, जिचा हात सगळ्यांत चपळ, ती दिवाळीच्या तोंडावर आली. मधल्या काळातली तिची मजुरी कुठल्याच पॅकेजमध्ये भरून निघाली नाही.

३. लस स्वस्त होती, वाट बघणं महाग पडलं. कोविशिल्डचा डोस केंद्राला सुरुवातीला 200 आणि नंतर 150 रुपयांना मिळत होता. 150 प्रमाणे दोन डोसांचे 300; आमच्याकडे एका बाईची एका दिवसाची मजुरी त्याहून जास्त आहे. 2021-22 च्या अर्थसंकल्पात लसीसाठी 35,000 कोटी ठेवले होते, तेव्हा पैसा नव्हता असंही म्हणता येत नाही. ब्रिटनने मे 2020 मध्येच, चाचण्या चालू असताना, ऑक्सफर्डच्या लसीचे 10 कोटी डोस सांगून ठेवले. तीच लस कोविशिल्ड नावाने आपल्या पुण्यात बनत होती, आणि आपली पहिली ऑर्डर गेली 11 जानेवारी 2021 ला, 1 कोटी 10 लाख डोसांची. लस फसली असती तर आगाऊ रक्कम बुडाली असती, कबूल. पण एका टाळेबंदीत बुडतं त्यापुढे ती चिल्लर.

४. साथीत खरेदीदार एकच हवा. 1 मेपासून कोविशिल्डला केंद्राचा भाव वेगळा, राज्यांचा 300, खासगी रुग्णालयांचा 600. राज्यं जागतिक निविदा काढत बसली. 21 जूनपासून केंद्राने राज्यांचा वाटा परत आपल्याकडे घेतला आणि गाडी रुळावर आली. हे दीड महिना आधीही सुचायला हरकत नव्हती.

५. माणसं एकाच दिवशी लसीला पाठवू नयेत! दुसऱ्या दिवशी निम्म्यांना ताप आणि हात वर होत नाही. कणीक कोण मळणार? आम्ही दोघी-दोघींना पाठवलं, दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी दिली. दोघींचे खासगीत 780 प्रमाणे मी भरले. ते पैसे लवकरच वसूल झाले.

६. लसीकरण केंद्रावरच्या सिस्टरशी ओळख ठेवावी. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, उघडली की चार तासांत संपवायची. दिवस संपत आला आणि समोर सातच माणसं असली, तर उरलेले तीन कुणाला द्यायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न. आमच्या दोन बायकांना पहिला डोस असाच, पिठाच्या हातांनी धावत जाऊन मिळाला. धोरण ठरवणाऱ्यांनी एक संध्याकाळ सिस्टरच्या खुर्चीवर काढायला हवी होती.

७. जानेवारी 2022 मध्ये मुंबईत रोजचे नवे रुग्ण 20 हजारांवर गेले. एप्रिल 2021 च्या लाटेत हा आकडा 11 हजारांच्या आसपास होता. म्हणजे साथ जवळजवळ दुप्पट मोठी. त्या लाटेतला ओमायक्रॉन सौम्य होता हे खरं, पण बहुतेकांच्या दंडात लसही गेलेली होती. त्या जानेवारीत लोकल चालू राहिली आणि आमचे चारही तवे पेटलेले होते.