घोडीचा रोग आला कुठून?

प्रश्न : आमची घोडी शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढे पळते. ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या जंतूचे ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ करतात म्हणे. त्याचा आम्हाला काय उपयोग?
– एक घोडीमालक, मंचर (ता. आंबेगाव)

उत्तर : लागण आहे की नाही, हे रक्ततपासणीतून कळते, ती कुठून आली, याचा माग जिनोम, म्हणजे जंतूची पूर्ण जनुकीय संहिता, देते. या जंतूची सुमारे ५८ लाख अक्षरांची ही संहिता २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन घोड्यांतल्या जंतूंच्या संहितेत फरक अगदी थोडा असेल, तर लागणीची साखळी एकच असण्याची शक्यता मोठी. ही साखळी तोडण्यासाठी, घोडीच्या नाकातून चिकट पिवळा स्राव किंवा कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर तिला यात्रेत नेऊ नका. वेगळी बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. हा रोग माणसालाही होतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.