आधी सी ड्राइव्ह बघा

१. विंडोज सर्व्हरचं अपडेट शून्य टक्क्यावर अडून बसलं की सगळे नेटवाल्याच्या मागे लागतात. राउटर बंद-चालू होतो, फायरवॉलची उलटतपासणी होते. मी आधी सी ड्राइव्ह बघतो. एरर आलाच तर ८००७००७० हा आकडा ओळखीचा असू द्या: डिस्कवर जागा नाही. बरेचदा मात्र सर्व्हर तेवढंही सांगत नाही, नुसता ढिम्म.

२. अर्धवट उतरलेल्या फाइली विंडोजच्या सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्युशन फोल्डरात, डाउनलोडमध्ये पडलेल्या असतात. विंडोज अपडेट आणि बिट्स या सर्व्हिस थांबवायच्या, डाउनलोड रिकामं करायचं, सर्व्हिस पुन्हा चालू. बाहेरचा अख्खा फोल्डर उडवला तरी विंडोज नवा बनवतं; पण अपडेटची हिस्टरी जाते, आणि ऑडिटरला नेमकी तीच हवी असते.

३. जागा कोण खातंय ते कळल्याशिवाय पुसापुशी नको. एका पतसंस्थेत २०१२ आर२ चा सर्व्हर होता. तिथली मंडळी टेम्प साफ करायची, थोड्या दिवसांत डिस्क परत तुडुंब. टेम्पमध्ये बघितलं तर ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या फाइलींची रांग. दुखणं होतं दुसरीकडेच, लॉग्जमधल्या सीबीएस फोल्डरात. अपडेटच्या नोंदींचा हा लॉग वाढला की विंडोज त्याचं नाव बदलतं आणि कॉम्प्रेस करून ठेवतं. फाइल २ जीबीच्या पुढे गेली की कॉम्प्रेस करणं फसतं. विंडोज काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतं, आणि फसलेल्या दर खेपेची अर्धवट फाइल टेम्पमध्ये टाकून जातं. ट्रस्टेड इन्स्टॉलर सर्व्हिस थांबवली, तो अगडबंब लॉग हलवला, मगच टेम्प पुसलं. अडकलेलं अपडेट त्याच संध्याकाळी उतरलं.

४. विनएसएक्सएसचा आकार बघून घाबरू नका. एक्सप्लोरर हार्ड लिंक धरून एकच फाइल दोनदा मोजतो. खरा हिशेब डिझम सांगतं, आणि साफसफाईही त्याच्याकडूनच करून घ्यावी. त्यातला ‘रीसेटबेस’ पर्याय मात्र साहेबांना विचारून. तो वापरला की आधी बसलेली अपडेट काढता येत नाहीत.

५. विंडोजमधल्या इन्स्टॉलर फोल्डरला हात लावायचा नाही. कितीही फुगलेला दिसला तरी.

६. “या महिन्याचं राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू” हे वाक्य मी ऐकून घेतो आणि काम चालू ठेवतो. ही अपडेट क्युम्युलेटिव्ह असतात. मागचं ओझं पुढच्यात येतंच.

७. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर डिस्क वाढवून मिळणं सोपं, पण सी ड्राइव्हला लागूनच रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असलं की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच राहतं. ते सरकवण्याआधी बॅकअप घ्या. आणि तो सी ड्राइव्हवर ठेवू नका. हसू नका, असे महाभाग पाहिलेत.